काउंट बरोबर होता, तरीही…

‘पोटात कापूस राहिला’ हा मथळा अधूनमधून पेपरात येतोच आणि मग सगळे डॉक्टरवर तुटून पडतात. मुळात तो नुसता कापूस नसतो. तो असतो मॉप, म्हणजे सुती गॉजच्या घड्या शिवून केलेला चौकोन, कोपऱ्याला नाडी लावलेला. पोट उघडल्यावर आतडी बाजूला सारून धरायला आणि रक्त टिपायला तो लागतो. कोरडा असताना पांढराशुभ्र. एकदा रक्त प्यायला की आतड्यांच्या वेटोळ्यांत असा दडतो, की चाचपूनही हाती लागत नाही.

म्हणून मोजणी. माझी मावसबहीण ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, सिस्टर आहे. तिच्याकडे मॉप पाच-पाचच्या गठ्ठ्यात येतात. दोघीजणी मोठ्याने मोजतात, आकडा फळ्यावर लिहितात. मध्येच गठ्ठा फोडला तर फळ्यावर अधिक पाच. पोट शिवण्याआधी पुन्हा मोजणी, कातडी शिवताना पुन्हा. ‘काउंट करेक्ट, सर’ ऐकल्याशिवाय सर पोट बंद करत नाहीत.

तरी मॉप राहतोच कसा? विदर्भातून अमेरिकेत गेलेल्या डॉक्टरांचे चिरंजीव, सर्जन अतुल गवांदे यांनी सहकाऱ्यांबरोबर 2003 साली अशा 54 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जिथे मोजणी झाली होती, त्यातल्या 88 टक्के वेळा शेवटचा काउंट ‘बरोबर’ असाच नोंदला होता! मोजणाऱ्याला आकडा आधीच ठाऊक असतो, आणि डोळ्यांना तोच दिसतो. अमावास्येला ऑपरेशन नको म्हणणारे नातेवाईक आपल्याकडे पुष्कळ. पण या अभ्यासात धोका वाढला तो तातडीच्या ऑपरेशनमध्ये (नऊपट), ऐनवेळी बेत बदलल्यावर (चौपट) आणि रुग्ण जाड असल्यावर.

थकलेल्या माणसाच्या मोजणीवर सगळं सोडायचं नसेल, तर दुसरा साक्षीदार हवा. चांगल्या मॉपमध्ये तो विणलेलाच असतो. बेरियम सल्फेट मिसळलेली एक निळी रेघ, एक्स-रेत पांढरी उठून दिसणारी. मला सगळ्यात आवडते ती हीच.

क्ष-किरणांचा फोटॉन, म्हणजे त्या किरणांचा एक कण, अणूतल्या आतल्या इलेक्ट्रॉनला उडवतो आणि स्वतः संपतो. असं घडण्याची शक्यता अणुक्रमांकाच्या साधारण घनाने वाढते. कापसात काय असतं? कार्बन (6), ऑक्सिजन (8), हायड्रोजन. रक्तामांसातही मुख्यतः तेच, म्हणून फिल्मवर नुसता मॉप पोटात विरघळून जातो. पाण्याचा हिशेबापुरता अणुक्रमांक 7.4 धरतात, बेरियमचा 56. म्हणजे साडेसात पट. त्याचा घन चारशेच्या पुढे जातो. शिवाय बेरियमच्या सर्वांत आतल्या, के-कवचातल्या इलेक्ट्रॉनला सोडवायला 37.4 किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. फोटॉनची ऊर्जा त्याहून जराशी कमी असली तर ते इलेक्ट्रॉन जागचे हलत नाहीत. तेवढी मर्यादा ओलांडली, की शोषण एकदम पाचपटीहून वर उडी मारतं. पोटाच्या एक्स-रेला नळीवर 70-80 किलोव्होल्ट देतात, म्हणजे फोटॉनची ऊर्जा तेवढ्या किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत जाते, आणि भरपूर फोटॉन नेमके या उडीच्या पलीकडचे. एवढ्यावर काम भागतं. आणि बेरियम विषारी असलं तरी सल्फेट पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, त्यामुळे ते अंगात भिनत नाही.

रेघ नसलेले मॉप स्वस्त पडतात. तिथे हा साक्षीदार मुकाच.

जागतिक आरोग्य संघटनेने 2008 साली ऑपरेशनसाठी 19 मुद्द्यांची यादी काढली. त्यात ही मोजणीही आहे. दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरल्यावर मृत्यूचं प्रमाण 1.5 वरून 0.8 टक्क्यांवर आलं, आणि यादीचा जयजयकार झाला. पुढे 2014 साली कॅनडातल्या ओंटारिओच्या 101 रुग्णालयांचे आकडे आले, त्यांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. नुसत्या टिक करायला काय, पेन पुरतं.

बहिणीकडे एकदा एक मॉप कमी भरला. कचऱ्याच्या पिशव्या उपसल्या, चादरी झटकल्या. पोट उघडंच, भूल लांबवलेली. शेवटी पोर्टेबल एक्स-रे आणला. फिल्मवर बरगड्या, मणके, ओटीपोटातली हाडं सगळं होतं, रेघ मात्र कुठेच नव्हती. मॉप पोटात नाही एवढं पक्कं झालं. तो सापडला सरांच्याच गमबुटाच्या तळव्याला चिकटलेला. फळ्यावरचा आकडा जुळला आणि मग टाके पडले.