भूमिका आणि सोंग: माणूस नेमका कशाने दमतो

‘मुखवटे उतरवा, जसे आहात तसे राहा, म्हणजे आयुष्यात ऊर्जा येईल’ हा शिबिरांतून मिळणारा उपदेश आता इंदूरच्या मराठी मंडळींनाही पाठ झाला आहे. उपदेशात तथ्य आहे, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती उपदेश ऐकून आलेल्या माणसाच्या पुढच्या वागण्याबद्दल, कारण तो भूमिका आणि सोंग या दोहोंना एकाच मापाने मोजतो आणि सोंगाबरोबर भूमिकाही टाकून देतो. मग कोणी मुंजीच्या घरी जाऊन आपल्याला असले समारंभ मनापासून आवडत नसल्याचे जाहीर करतो, तर कोणी काउंटरवर बसून ग्राहकाला फटकारतो आणि वर ‘मी खोटे वागू शकत नाही’ असे समर्थन देतो. यांपैकी कोणाचाही थकवा कमी झालेला मी पाहिलेला नाही.

भूमिका म्हणजे काय हे वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. शाळेतल्या बाई, बँकेतील कॅशियर, घरातली मोठी जाऊ, लग्नातला मुलीचा बाप या साऱ्या भूमिकाच आहेत आणि आपण त्या दिवसभर बदलत असतो. सोंग मात्र नीट ओळखले पाहिजे, कारण बाहेरून ते अगदी भूमिकेसारखेच दिसते. दोन्हींत बोलणे बदलते, चेहरा बदलतो, मनात आलेले सगळे ओठांवर येत नाही. सोंग नेहमी दुसऱ्याला फसवण्यासाठीच असते असेही नाही. बहुतेक सोंगे तर केवळ भिडेपोटी घेतलेली असतात.

फरक कोठे आहे हे इंदूरच्या मराठी माणसाला भाषेच्या उदाहरणावरून चटकन पटेल. रामबागेत किंवा लोकमान्यनगरात राहणारी एखादी शिक्षिका सकाळी घरात मराठी बोलते, शाळेत हिंदीतून शिकवते, परतताना भाजीवालीशी माळवी ढंगात घासाघीस करते आणि संध्याकाळी सासूबाईंशी पुन्हा मराठीत बोलू लागते. भाषेबरोबर तिचा आवाज, तिचे विनोद, तिची ऐटसुद्धा बदलते. या बदलांनी ती दमत नाही. दमलीच तर वह्या तपासून दमते. हीच बाई मुलाकडे पुण्याला जाते आणि आपल्या मराठीतले हिंदी वळण तेथील बायकांच्या लक्षात येऊ नये म्हणून प्रत्येक वाक्य आधी मनात घोळवून मग बोलते. क्रियापद बरोबर आले की नाही, समोरची हसली ती विनोदाला की आपल्या बोलण्याला, आता गप्प बसलेले बरे की आणखी संशय येईल, असा हिशेब आतल्या आत चालू राहतो आणि अर्ध्या तासाच्या गप्पांनी तिचे डोके जड होते. इंदुरात तीन तऱ्हांनी बोलून ती ताजी राहते आणि पुण्यात एकाच तऱ्हेने बोलून थकते, याचा अर्थ थकवा बदलण्याचा नसून पहाऱ्याचा आहे. भाजीवालीला ही शिक्षिका आहे, घरी मराठी बोलते, हे कळले तरी काही बिघडत नाही. पुण्यातल्या शेजारणीला मात्र कळता कामा नये. ज्या वागण्यात समोरच्याला काहीतरी कळू नये ही काळजी सतत वाहावी लागते, ते सोंग.

या पहाऱ्याची किंमत शरीरालाही मोजावी लागते. जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हनसन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही जणांना किळस येईल अशी वैद्यकीय चित्रफीत दाखवली आणि चेहऱ्यावर काहीही दिसू देऊ नका असे सांगितले. चेहरे बऱ्याच अंशी शांत राहिले, पण किळस कमी झाली नाही, आणि त्वचेवरून मोजली जाणारी शारीरिक उत्तेजना उलट वाढली. त्याआधी, १९८३ साली, समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी विमानसेविकांच्या कामाच्या अभ्यासातून दोन प्रकार वेगळे केले होते: नुसता चेहरा हसरा ठेवणे, आणि समोरच्या प्रवाशाकडे पाहण्याची आपली दृष्टीच बदलून मनात खरोखर आपुलकी जागवणे. पुढील संशोधनात मानसिक थकव्याशी सातत्याने जोडला गेला तो मुख्यतः पहिला प्रकार.

येथे हुशार वाचक हटकून अडतो, आणि त्याचे अडणे रास्त आहे. डॉक्टरही आतली चिंता लपवून रुग्णापुढे शांत राहतो, मग तो सोंग करतो का? माझे उत्तर नाही असे आहे. डॉक्टरने शांत असावे ही अपेक्षा रुग्णालाही ठाऊक असते, त्या शांतपणामागचा हेतू डॉक्टरने स्वतः मान्य केलेला असतो आणि दार लोटून सहकाऱ्यापाशी ‘आज मी घाबरलो होतो’ असे म्हणण्याची त्याला मुभा असते. मान्य केलेल्या हेतूसाठी केलेले नावडते कामही आपलेच असते. रिचर्ड रायन आणि क्रिस्टिना फ्रेडरिक यांनी १९९७ साली माणसाला स्वतःत जाणवणाऱ्या चैतन्याचा अभ्यास मांडला, तेव्हा त्या चैतन्याचा संबंध त्यांनी अशाच स्वतःहून स्वीकारलेल्या कृतींशी जोडला होता. उलट, अपमान करणाऱ्या ग्राहकापुढेही हसतच राहा असा हुकूम सुटला आणि त्याबद्दल विश्रांतीच्या खोलीतही बोलायची चोरी झाली, की कालपर्यंतची भूमिका आज सोंग होते. ती रेषा कामाच्या नावावरून ओळखता येत नाही.

आपला स्वभाव अबोल असल्यामुळे चारचौघांत बोलणे म्हणजे स्वतःशी बेइमानी, हा समजही मला फार खटकतो. कॅनडातील मानसशास्त्राचे प्राध्यापक ब्रायन लिटल अत्यंत अंतर्मुख, तरीही त्यांची व्याख्याने रंगतदार होत. एका लष्करी महाविद्यालयात व्याख्यान झाले की जेवणाच्या सुट्टीत गप्पा टाळण्यासाठी ते रिशल्यू नदीकाठी फिरायला जात, आणि पुढे तर चक्क स्वच्छतागृहात जाऊन बसत. विद्यार्थी आणि विषय त्यांना प्रिय होते, म्हणून व्याख्याता होणे ही त्यांची खरीखुरी भूमिका होती. फक्त तिची भरपाई एकांताने करावी लागे. ही भरपाई वगळली की काय होते याचा अंदाज ऑस्ट्रेलियातील २०१९च्या एका प्रयोगावरून येतो. त्यात माणसांना आठवडाभर बहिर्मुखासारखे वागायला सांगितले होते. बऱ्याच जणांना त्याने बरे वाटले, पण जे मुळात फार अंतर्मुख होते त्यांना थकवा अधिक जाणवला आणि आपण आपण राहिलो नाही असेही वाटले.

आपले ते सापडणे म्हणजे शिस्त झुगारणे, अशी समजूत असणाऱ्यांनी जवळच्या देवासकडे पाहावे. कुमार गंधर्व लहानपणी मोठमोठ्या गायकांच्या ध्वनिमुद्रिकांची हुबेहूब नक्कल करून श्रोत्यांना थक्क करीत. १९४८ साली क्षयाच्या आजारात ते देवासला आले, काही वर्षे गाणे बंद राहिले, त्या काळात माळव्यातील लोकगीते त्यांच्या कानी पडत राहिली, आणि नंतर जे गाणे उभे राहिले ते कोणाचीही नक्कल नव्हते. पण मैफलीचा गायक ही भूमिका त्यांनी सैल केली नाही. तानपुरे मनासारखे जुळल्याशिवाय गाणे नाही, हा त्यांचा कटाक्ष प्रसिद्ध आहे.

‘मी स्पष्टवक्ता, बोललो की मोकळा’ म्हणणाऱ्यांविषयी फार लिहीत नाही. ते मोकळे होतात आणि ऐकणारा दमतो, एवढेच.

सोंग सोडायचे ठरवले तर राजीनाम्यापासून सुरुवात करू नये. ज्या एका माणसापुढे आपण सर्वांत जास्त सावध असतो त्याला आपली एखादी साधी गोष्ट उघड सांगावी. पुण्याच्या शेजारणीला ‘आम्ही इंदूरचे, आमच्या मराठीत हिंदी यायचेच’ एवढे सांगितले की पुढच्या भेटीत निम्मा पहारा उठतो. त्याउप्परही थकवा हटत नसेल तर हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ यांच्या तपासण्या करून घ्याव्यात. शाकाहारी घरांत बी-१२ची कमतरता सहज आढळते, रक्तक्षय झालेल्या बाईला जिने चढताना दम लागतो, आणि या दोन्हींचा खऱ्या स्वत्वाशी काडीचाही संबंध नसतो. रक्ताचा अहवाल हाती येईपर्यंत कोणत्याही शिबिराची फी भरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.