व्हीव्हीपॅटची चिठ्ठी घरी का नेता येत नाही?

मतदानाच्या दिवशी हा प्रश्न हमखास कानावर येतो: व्हीव्हीपॅटची (मत कुणाला गेलं हे छापून दाखवणाऱ्या, मतदान यंत्राला जोडलेल्या छपाईयंत्राची) चिठ्ठी काचेआड सात सेकंद दाखवतात, मग हातात द्यायला काय होतं? एटीएमसुद्धा पावती देतं! याचं उत्तर शोधायला मला आयर्लंडमधलं स्लायगो हे बंदराचं गाव फार आवडतं.

1801 पासून स्लायगो शहराचा एक खासदार ब्रिटिश संसदेत बसायचा. मतदार मोजके आणि मतदान उघड. अधिकाऱ्यासमोर उभं राहून उमेदवाराचं नाव मोठ्यानं सांगायचं, कारकून ते वहीत लिहून घेणार. जमीनदाराचा नाहीतर उमेदवाराचा माणूस तिथंच कान टवकारून उभा. 1868 मध्ये ‘आयरिश टाइम्स’चे संस्थापक लॉरेन्स नॉक्स इथून जिंकले, पण लाचखोरीच्या तक्रारीवरून निवड रद्द झाली. अखेर 1870 मध्ये संसदेनं कायदा करून स्लायगो आणि कॅशेल हे दोन्ही मतदारसंघच मोडीत काढले.

पुढे 1872 मध्ये गुप्त मतदानाचा कायदा आला. त्याची गंमत गणितात आहे. समजा, 100 जणांना प्रत्येकी 5 पौंड वाटले आणि त्यातले 50 तसेही तुमचेच होते. उघड मतदानात उरलेले 50 नक्की मिळतात, म्हणजे जादाचं मत 10 पौंडांना पडलं. मत गुप्त असेल तर उरलेल्यांपैकी समजा 10 जणच शब्द पाळतील. तेच मत आता 50 पौंडांना! पुरावा नाही म्हटल्यावर माल महागतो. संगणकशास्त्रात या गुणाला ‘रिसीट-फ्रीनेस’ म्हणतात: मतदाराला स्वतःची इच्छा असली तरी आपलं मत दुसऱ्याला सिद्ध करून दाखवता येता कामा नये. व्हीव्हीपॅटची चिठ्ठी घरी नेता आली, तर तीच असा पुरावा ठरेल. ‘ब्लॉकचेन (अनेक संगणकांवर ठेवलेली, गुपचूप बदलता न येणारी नोंदवही) लावा, मोबाईलवरून मत द्या’ म्हणणारे नेमकं हेच विसरतात. घरात मत देताना शेजारी कोण बसलंय, हे ब्लॉकचेनला काय कळणार?

पळवाटाही होत्याच. कोरी मतपत्रिका खिशात घालून बाहेर आणायची, दलालानं फुली मारून पुढच्याला द्यायची, त्यानं ती पेटीत टाकून आपली कोरी बाहेर आणायची. साखळी सुरू! म्हणून कायद्यात मतपत्रिकेवर सरकारी खूण उमटवायची आणि घडी घालून पाठीमागची खूण अधिकाऱ्याला दाखवूनच पेटीत टाकायची, असं ठरलं. बाहेर नेलेल्या जुन्या पत्रिकेवर मात्र खूण असतेच, त्यामुळे कोरी पत्रिका बाहेर जाऊ न देणं हे अधिकाऱ्याच्या नजरेवरच राहिलं.

एक वाट तर उघडीच राहिली. कोण आलं, कोण नाही, हे यादीवरच्या खुणेवरून कळतं. त्यामुळे विरोधकाच्या माणसाला घरी बसण्याचे पैसे देता येतात, आणि त्या मालाची पावतीही मिळते.