ब्रेक ‘निकामी’ होतात म्हणजे नेमके काय होते?

घाटातील अपघाताची बातमी वाचली की तीत एक वाक्य हमखास सापडते : ‘ब्रेक निकामी झाल्याने चालकाचे नियंत्रण सुटले.’ नोव्हेंबर २०२२ मध्ये पुण्यातील नवले पुलाच्या उतारावर एका अवजड वाहनाने एकामागून एक अनेक गाड्यांना धडक दिली, तेव्हाही सुरुवातीला हेच सांगण्यात आले होते. उतारावर इंजिन बंद ठेवून गाडी सोडली होती, असे नंतर पोलीस तपासातून पुढे आले. ‘ब्रेक निकामी झाले’ या शब्दांतून एखादी तार तुटावी तशी अचानक घडलेली गोष्ट डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा ब्रेक आधीच्या कित्येक किलोमीटरमध्ये हळूहळू तापत गेलेले असतात, आणि ते का तापले हे चालकाला कोणी कधी शिकवलेले नसते.

खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना बोरघाटात गाडी सुमारे ५०० मीटर खाली येते. मालासह ३० टन वजनाचा ट्रक घेतला, तर शाळेत शिकलेल्या वस्तुमान, गुरुत्वीय त्वरण आणि उंची यांच्या गुणाकारानुसार माथ्यावर त्याच्याजवळ पायथ्यापेक्षा सुमारे १४.७ कोटी ज्यूल स्थितिज ऊर्जा जास्त असते. एवढ्या ऊर्जेत ५०० लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत नेता येईल. हाच ट्रक सपाट रस्त्यावर ताशी ४० किलोमीटर वेगाने जात असताना पूर्ण थांबवायचा, तर ब्रेकना साधारण १८ लाख ज्यूल ऊर्जा शोषावी लागते. म्हणजे केवळ ब्रेकच्या भरवशावर घाट उतरणे हे ताशी ४० किलोमीटरच्या वेगावरून ट्रक लागोपाठ ८० वेळा थांबवण्यासारखे आहे.

ही ऊर्जा उष्णतेच्या रूपात ब्रेकच्या ड्रममध्ये, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी डब्यात जाते. एका ड्रमचे वजन ५० किलो आणि असे ८ ड्रम धरले, तर सगळी उष्णता त्यांच्यातच साठल्यास त्यांचे तापमान सुमारे ८०० अंशांनी वाढेल. टायरचे घर्षण आणि हवेचा विरोध यांत ऊर्जेचा काही वाटा जातो आणि ड्रमही वाटेत थोडे निवतात, म्हणून हा आकडा निम्म्यावर आणू. ओतीव लोखंडाचा ४०० मिलीमीटर व्यासाचा ड्रम ४०० अंशांनी तापला, तर प्रसरणामुळे त्याचा व्यास जवळपास पावणेदोन मिलीमीटरने वाढतो. ब्रेकचा लायनर ड्रमला आतून घासतो, त्यामुळे ड्रम फुगला की तो लायनरपासून दूर सरकतो आणि लायनरला पूर्वीपेक्षा जास्त अंतर काटून त्याला टेकावे लागते. त्यातच लायनरमधील कण एकत्र बांधून ठेवणारे राळेसारखे द्रव्य या तापमानाला विघटित होऊ लागते आणि घर्षण कमी होते. चालक पाय पूर्ण दाबून उभा राहतो आणि गाडी मात्र थांबत नाही. ब्रेकचा एकही भाग तुटलेला नसतो, आणि तासाभराने गार झाल्यावर तपासले तर तेच ब्रेक पुष्कळदा चालतातही.

मोटारगाडीत आणखी एक दुबळा दुवा असतो, तो म्हणजे पेडलचा दाब नळीतून चाकांपर्यंत पोहोचवणारे ब्रेक ऑइल. ते हवेतील ओलावा शोषून घेते. ‘डॉट ३’ प्रकारच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, पण पाणी मुरलेल्या ऑइलसाठी हीच किमान मर्यादा १४० अंशांवर येते. उतारावर ऑइल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, आणि द्रव दाबला जात नसला तरी वाफ दाबली जाते. पेडल थेट तळाला टेकते ते त्यामुळे. ब्रेक ऑइल ठराविक मुदतीने बदलण्याचा सल्ला पावसाळी कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या गाडीमालकांनी तरी गांभीर्याने घ्यावा.

मग ही ऊर्जा जावी कुठे? गाडीत ब्रेकखेरीज आणखी एक यंत्र असे आहे, की जे सतत उष्णता बाहेर टाकण्यासाठीच रेडिएटर, पंखा आणि पाण्याचे अभिसरण घेऊन बसलेले असते. ते यंत्र म्हणजे इंजिन. गिअर घातलेला असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिन चाकांना फिरवत नाही, उलट चाके इंजिनाला फिरवू लागतात. पेट्रोल इंजिनात त्या वेळी हवेच्या वाटेवरची झडप जवळजवळ बंद असते. बारीक नळीतून घट्ट लस्सी ओढताना गालांना जसे कष्ट पडतात, तसे दट्ट्याला (पिस्टनला) फटीतून हवा ओढताना पडतात, आणि ते कष्ट चाकांच्या गतीतून वसूल होतात.

डिझेल इंजिनाची गोष्ट वेगळी आणि मला फार सुंदर वाटणारी आहे. पारंपरिक डिझेल इंजिनात वेगाचे नियंत्रण इंधनाच्या मात्रेने होते, हवेची वाट अडवावी लागत नाही. डिझेलमध्ये दाब प्रचंड असतो म्हणून तो गाडीला रोखतो, असे पुष्कळ जण समजतात. पण दाबलेली हवा ही दाबलेल्या स्प्रिंगसारखी असते. दट्ट्या वर जाताना तिच्यावर जे कार्य करतो, त्यातले बरेचसे ती त्याला खाली ढकलताना परत करते. हिशेब जवळपास फिटतो, आणि गाडी रोखण्यासाठी उरते ते अंतर्गत घर्षण आणि थोडी वाया गेलेली उष्णता. म्हणून ट्रकमध्ये एक्झॉस्ट ब्रेक असतो. तो धूर बाहेर जाण्याच्या नळीतील झडप मिटतो. आता दट्ट्याला प्रत्येक उत्सर्जन फेरीत हवा तुंबलेल्या नळीत ढकलावी लागते. सायकलच्या पंपाच्या तोंडावर अंगठा ठेवून दांडा दाबावा तसेच हे आहे. दाबलेली तापलेली हवा फटीतून निसटून सायलेन्सरवाटे निघून जाते, त्यामुळे तिच्यात घातलेली ऊर्जा दट्ट्याला परत मिळत नाही. ५०० मीटर उंचीची ऊर्जा अशा रीतीने थोडीथोडी धुराड्यातून बाहेर पडते आणि ड्रम त्या मानाने थंड राहतात.

या फेऱ्या मिनिटाला जितक्या जास्त, तितकी जास्त ऊर्जा शोषली जाते. म्हणून गिअर खालचा हवा, कारण रस्त्यावरचा वेग तोच असला तरी खालच्या गिअरमध्ये इंजिन जास्त फिरते. ‘ज्या गिअरने चढायचे, त्याच गिअरने उतरायचे’ असे जुने चालक सांगत. त्या काळच्या कमी ताकदीच्या इंजिनांसाठी हा नियम अचूक होता. आजची इंजिने तोच चढ वरच्या गिअरमध्ये सहज चढतात, पण रोखण्याची त्यांची ताकद त्या प्रमाणात वाढलेली नाही. म्हणून आज चढताना लागतो त्यापेक्षा एक गिअर खाली उतरणे शहाणपणाचे ठरते.

न्यूट्रलमध्ये उतरल्याने डिझेल वाचते, ही समजूत या सगळ्याच्या मुळाशी आहे. आजच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला, की इंजिनाचा वेग पुरेसा असेपर्यंत संगणक इंधनाचा पुरवठा पूर्ण बंद करतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन नुसते चालू ठेवण्यासाठीही इंधन जाळावे लागते. म्हणजे न्यूट्रलमध्ये उतरणारा चालक उलट जास्त इंधन खर्च करतो. इंजिनच बंद केले, तर ट्रकच्या एअर ब्रेकला हवा पुरवणारा कॉम्प्रेसरही थांबतो आणि स्टिअरिंग जड होते.

वेग एकदा वाढला की ही चूक सुधारताही येत नाही. समजा तिसऱ्या गिअरमध्ये २००० फेऱ्यांना वेग ताशी २५ किलोमीटर असतो. न्यूट्रलमध्ये सुटलेला ट्रक ताशी ७५ वर पोहोचला, तर तोच गिअर बसवण्यासाठी इंजिन ६००० फेऱ्यांवर न्यावे लागेल, आणि ट्रकचे डिझेल इंजिन तिथवर जातच नाही. गिअरचा निर्णय म्हणूनच घाटाच्या माथ्यावर, वेग कमी असतानाच घ्यावा लागतो.

बोरघाटात शिंग्रोबाच्या देवळापाशी गाडीची गती कमी करून नाणे वाहणारे चालक मी लहानपणापासून पाहत आलो आहे. घाटाची वाट दाखवणाऱ्या शिंग्रोबा धनगराविषयीची ती कृतज्ञता आहे आणि तिच्याविषयी मला आदर आहे. बंपरला बांधलेले लिंबू-मिरची मात्र ड्रमचे तापमान एका अंशानेही कमी करत नाही. त्यावर विसंबून ब्रेकची तपासणी पुढे ढकलली जात असेल, तर ती श्रद्धा माणसे मारते.

याच घाटातून १८६३ पासून रेल्वे जाते. तिच्या मार्गाचा चढ ३७ मीटरला १ मीटर असा आहे, आणि उतारावर ताबा सुटलेली गाडी चढावर वळवून थांबवण्यासाठी तिथे खास बाजूचे रूळ घालण्यात आले. उतारावर गाडी कशी धरायची, हे शिकल्याशिवाय लोको पायलटच्या हाती तिथे गाडी दिली जात नाही. रस्त्यासाठीही नियम आहेच. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील पंधराव्या नियमात उमेदवाराने चाचणीत काय करून दाखवावे याची यादी आहे, आणि तीत उतारावर चटकन खालचा गिअर टाकणे हेही आहे. माझी स्वतःची चाचणी एका सपाट मैदानावर, काही मिनिटांत आटोपली. मैदानात उतार नव्हता, त्यामुळे तो प्रश्नच आला नाही. त्यानंतर काही आठवड्यांतच मी परवाना खिशात घालून आंबेनळी घाट उतरलो, तो सगळा वेळ ब्रेकवर पाय ठेवून. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतली सगळी घाटातली नव्हेत, पण नियमातील हे कलम मैदानावर तपासताच येत नाही, याची खंत मला त्या आकड्यापाशी दरवेळी होते. प्रत्येक जिल्ह्यात चाचणीसाठी शंभर मीटरचा खरा उतार बांधणे मुळीच अशक्य नाही.

खालचा गिअर असूनही ब्रेक लावावा लागतोच. तो लावताना पाय सतत हलका टेकवून ठेवू नये. ठाम दाबून वेग ताशी ४० वरून ३० वर आणावा आणि पाय पूर्ण सोडावा. एकूण उष्णता तितकीच निर्माण होते, पण हलक्या दाबात ज्या ब्रेकचे लायनर ड्रमच्या जवळ बसवलेले असतात तेच सगळा भार घेतात आणि तेच जळतात. ठाम दाबात भार सर्व चाकांवर सारखा पडतो. आणि घाट उतरताना लायनर जळाल्याचा उग्र वास आलाच, तर गाडी सुरक्षित जागी घेऊन चाकांना दगड लावावेत, गिअर घालून ठेवावा आणि किमान अर्धा तास थांबावे. घाईने ड्रमवर पाणी ओतू नये, कारण तापलेले ओतीव लोखंड अशा वेळी तडकते.