पाहुण्याने त्रास दिला तर तक्रार करता येत नाही?

‘हॉटेलात पाहुण्याने छेड काढली तर तक्रार चालत नाही, तो थोडाच कर्मचारी आहे!’ हा संदेश वर्षानुवर्षे फिरतो. पटतोही, कारण छळ म्हटलं की आधी साहेबच आठवतो.

पण मुद्दा त्रास देणारा कोणाच्या पगारावर आहे हा नाही. त्रास काम करताना झाला का, हा आहे. खोली साफ करणारी बाई बंद दाराआड एकटी असते, आणि तिला तिथे मालकच पाठवतो. त्यामुळे दोघींना पाठवणं, धोक्याचं बटण देणं, वेळ पडल्यास पाहुण्याला बाहेर काढणं ही जबाबदारी मालकाकडे येते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा कामावरील छळाविरुद्धचा 2019 चा करार (क्रमांक 190) पाहुण्यासारख्या त्रयस्थांकडून होणारा छळही विचारात घ्यायला सांगतो. त्यानुसार छळ ठरायला एकच प्रसंगही पुरतो. आपल्या देशाने हा करार स्वीकारलाय का ते तपासा, आणि देशाच्या कायद्यात ‘त्रयस्थ व्यक्ती’ येते का, हे कायद्याच्या मूळ मजकुरातच पाहा.