गॅस गिझर पेटत नाही? फोन करण्याआधी सेल बघा

नागपुरात पारा १०-१२ अंशांवर आला की आमच्याकडे एकाच तक्रारीचे फोन सुरू होतात, "भाऊ, नळ सोडला तरी गिझर पेटत नाही." माणूस पाठवला की बहुतेक घरी बिघाड निघतो तो गिझरच्या तळाशी असलेल्या सेलच्या डबीत. हे काम घरच्या घरी होतं. त्यासाठी थंड पाण्याने आंघोळ करून आमची वाट बघू नका.

होळी झाली की आपल्याकडे गिझर बंद आणि कूलर सुरू. सेल मात्र आतच राहतात. मागच्या बाल्कनीत पश्चिमेचं ऊन, मे महिन्यात ४५ अंश. सेल फुगतात, पाझरतात आणि डबीतल्या स्प्रिंगवर पांढरी-हिरवी भुकटी चढते. दिवाळीनंतर नवे सेल टाकले तरी त्या भुकटीतून करंट जात नाही, मग "सेल तर नवेच आहेत" म्हणून आम्हाला फोन. कोरड्या जुन्या ब्रशने स्प्रिंग आणि पत्री घासा, वरून बारीक पॉलिश पेपर फिरवा. पाणी लावू नका. स्प्रिंग गंजून तुटलीच असेल तर डबी बदलावी लागते. ती दुकानात मिळते.

बहुतेक मॉडेलमध्ये दीड व्होल्टचे दोन मोठे सेल लागतात. दोन्ही एकदम बदला, + आणि − ची खूण बघून बसवा. चार्जिंगचे सेल नकोत, ते १.२ व्होल्टचेच असतात. "हेच सेल टॉर्चमध्ये चालतात" असं बरेच जण सांगतात. टॉर्च मंद सेलवरही उजेड देतो, पण गिझरला त्याच सेलवर ठिणगीही पाडायची असते आणि गॅसचा व्हॉल्व्हही उघडायचा असतो. आणि होळीनंतर सेल काढून ठेवा, एवढं केलं तरी पुढचा हिवाळा सोपा जाईल.

सेल ठीक असूनही ठिणगीचा टक-टक आवाजच येत नसेल तर बहुतेक वेळा पाण्याचा जोर कमी असतो. टाकी भरलेली आहे का बघा, शॉवर सोडून साध्या नळाने पाणी घेऊन बघा. बोअरचं पाणी असेल तर गिझरच्या इनलेटची, म्हणजे पाणी आत येतं तिथली, जाळी क्षाराने बुजते, ती काढून धुवा. टक-टक येते पण ज्योत नाही, तर सिलेंडर किंवा रेग्युलेटर तपासा. नवा सिलेंडर लावला असेल तर नळीतली हवा निघायला दोन-तीन वेळा नळ उघड-बंद करावा लागतो. त्यावरही पेटलं नाही तर थांबा. साचलेल्या गॅसचा भडका होतो. वीस मिनिटांनी आपोआप बंद पडणं हा अनेक मॉडेलमधला टायमर आहे, बिघाड नव्हे.

नॉब दाबून पायलट, म्हणजे सतत जळत राहणारी छोटी ज्योत, पेटवायचं जुनं मशीन असेल तर पायलट पेटल्यावर नॉब अर्धा मिनिट दाबूनच धरा. ज्योतीतली थर्मोकपलची कांडी तापली की तिच्यातून निघणारी थोडीशी वीज व्हॉल्व्ह उघडा धरते. लोक घाईने नॉब सोडतात आणि पायलट विझतो. नीट धरूनही विझत असेल तर कांडी बदलायची वेळ आली.

आता एक गोष्ट, ज्यावरून ग्राहक आमच्यावर नाराज होतात. बाथरूमच्या आत आम्ही गिझर बसवत नाही, एक्झॉस्ट फॅन असला तरी नाही. थंडीत दारं-खिडक्या घट्ट बंद असतात, आतली हवा जळण्यात संपते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. चक्कर येते आणि माणूस कडी उघडायच्या आत पडतो. बाल्कनीतून पाइप आणायचा खर्च वाढतो हे मान्य, पण तो खर्च टाळून काम करून द्यायला आमचा हात धजत नाही. दुसऱ्या कोणी आत बसवून दिला असेल तर बाहेर काढून देण्याचं काम आम्ही करतो. ज्योत निळी हवी. पिवळी दिसली, काजळी धरली, तर गिझर बंद ठेवा आणि आम्हाला बोलवा. गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, कुठलंही बटण दाबू नका आणि बाहेर येऊन १९०६ या हेल्पलाइनवर फोन करा.

व्हिजिट चार्ज सेल बदलण्यापुरताही लागतो, कारण माणसाचा येण्याजाण्याचा वेळ तेवढाच जातो. म्हणूनच फोनवर आम्ही आधी टक-टक, सेल आणि टाकीचं विचारतो. ऑक्टोबरमध्ये सर्व्हिसिंग करून घेतलंत तर बर्नर, जाळी, डबी आणि गॅसची नळी एकाच फेरीत तपासून होते. डिसेंबरमध्ये दोन-तीन दिवस थांबावं लागतं, तेव्हा नाव आधीच लिहून ठेवा.