नगराभ्यास

नगर आणि नगरजीवन यांचा इतिहास, भूगोल, समाजशास्त्र, अर्थशास्त्र, मानवशास्त्र, पुरातत्त्व, नगररचना इ. अनेक विद्याशाखांतून होणारा अभ्यास. ‘नागरी अभ्यास’ व ‘शहर अभ्यास’ हे पर्यायही रूढ आहेत. मात्र मराठीत ‘नागरी’ हा शब्द दुहेरी ओझे वाहतो : नागरी वस्ती म्हणजे शहरातली वस्ती, तर नागरी हक्क म्हणजे नागरिकाचे हक्क. त्यामुळे येथे ‘नगराभ्यास’ हीच संज्ञा स्वीकारली आहे. या शाखेला स्वतःची अशी एकच पद्धत नाही. जनगणनेचे तक्ते, भूमापनाचे नकाशे, उत्खननातील विटा आणि चाळीतल्या रहिवाशांच्या आठवणी ही सारी तिची साधने होत.

नगर कशाला म्हणावे, हा तिचा सर्वांत जुना वाद. पुरातत्त्वज्ञ गॉर्डन चाइल्ड याने 1950 मध्ये ‘नागरी क्रांती’च्या दहा कसोट्या मांडल्या. दाट लोकवस्ती, शेतीबाहेरचे पूर्णवेळ कारागीर, सार्वजनिक वास्तू, दूरचा व्यापार आणि लेखनकला या त्यांपैकी काही. लेखनाची कसोटी काटेकोर लावली तर लिपी नसलेली इंका नगरे बाद ठरतात, म्हणून ही यादी आता मार्गदर्शक एवढीच मानतात. भारतात सिंधू संस्कृतीनंतरचे दुसरे नागरीकरण साधारणपणे इ.स.पू. सहाव्या शतकाच्या सुमारास गंगेच्या खोऱ्यात दिसू लागते. त्याचे श्रेय लोखंडी अवजारांनी वाढलेल्या उत्पादनाला द्यावे, असे इतिहासकार रामशरण शर्मा यांचे मत होते. अमलानंद घोष यांनी 1973 मध्ये राजकीय व सामाजिक घडणीला अधिक महत्त्व दिले. गुप्तकाळापासून नगरे ओस पडत गेली, हा शर्मांचा 1987 चा सिद्धांतही वादग्रस्त आहे. तो मुख्यतः उत्खननांवर उभा आहे आणि वसत्या गावात खोदायला मिळणारा खड्डा लहान असतो. पैठण किंवा तेर येथे आजची घरे पांढरीलगत (जुन्या वस्तीच्या अवशेषांच्या टेकाडालगत), काही ठिकाणी तर पांढरीवरच उभी आहेत. कोरीव लेखांच्या आधारे नवी नगरे उदयाला येत होती असे दाखवणारे ब्रजदुलाल चट्टोपाध्याय यांचे प्रतिपादन त्यामुळे अधिक सावध वाटते.

स्वतंत्र अभ्यासक्षेत्र म्हणून नगराभ्यासाचा उगम बहुतेक ग्रंथ शिकागो विद्यापीठात शोधतात. रॉबर्ट पार्क याचा 1915 चा निबंध, अर्नेस्ट बर्जेस याची शहराची वाढ दाखवणारी 1925 मधील समकेंद्री वर्तुळांची आकृती आणि लुई वर्थ याचा 1938 चा नागरी जीवनपद्धतीवरील लेख हे त्याचे टप्पे सांगितले जातात. हा क्रम अपुरा आहे. मँचेस्टरमधील कामगारवस्तीचे एंगल्सने केलेले वर्णन 1845 चे. चार्ल्स बूथची लंडनची पाहणी 1886 मध्ये सुरू झाली आणि फिलाडेल्फियातील कृष्णवर्णीयांचा ड्यू बॉइस याचा अभ्यास 1899 मध्ये प्रसिद्ध झाला. मराठीत गोविंद नारायण माडगांवकर यांचे मुंबईचे वर्णन 1863 मध्ये, तर नारायण विष्णु जोशी यांचे पुण्याचे वर्णन 1868 मध्ये आले. दोन्ही ग्रंथांत सिद्धांत नाही. पण रस्ते, पेठा, धंदे, पाणी, जाती आणि सण एकाच नजरेत घेण्याची वृत्ती आहे. आज आंतरविद्याशाखीय म्हणून जिचे कौतुक होते, ती हीच.

विद्यापीठीय पातळीवर मुंबईचा दावाही दुबळा नाही. मुंबई विद्यापीठात 1919 मध्ये समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचा विभाग सुरू झाला आणि पॅट्रिक गेडीस त्याचा पहिला प्राध्यापक झाला. हा स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ. 1914 मध्ये तो भारतात आला, तेव्हा त्याचे नगरविषयक प्रदर्शन घेऊन येणारे जहाज ‘एम्डेन’ या जर्मन युद्धनौकेने बुडवले आणि त्याला सामग्री नव्याने जमवावी लागली. त्याच्या लेखी नागरिकशास्त्र म्हणजे नगराचाच अभ्यास. पुढे शाळेत याच नावाखाली राज्यघटना आणि शासनसंस्था शिकवल्या जाऊ लागल्या आणि शब्दातले नगर मागे पडले, ही खेदाची गोष्ट आहे.

आधी पाहणी, मग आराखडा, हे गेडीसचे सूत्र. जुनी वस्ती सरसकट पाडून रुंद रस्ते काढण्याला त्याचा विरोध होता. अगदी मोडकळीला आलेली घरे तेवढी काढावीत, मोकळ्या झालेल्या जागेत झाड किंवा चौक करावा आणि बाकीची वस्ती राखावी, असे तो सांगे. होळकरांच्या इंदूरसाठी त्याने 1918 मध्ये दोन खंडांचा अहवाल लिहिला. तिथल्या दिवाळीची हकीकत त्याचे चरित्रकार आवर्जून देतात. प्लेगच्या दहशतीत असलेल्या शहरात त्याने मिरवणूक काढवली. तिच्यात घाणीचा राक्षस आणि प्लेगचा उंदीर होता. जो मार्ग सर्वांत स्वच्छ, तिकडून मिरवणूक जाणार असे जाहीर झाले आणि लोकांनी आपापल्या गल्ल्या झाडून काढल्या. तपशिलात अतिशयोक्ती असू शकेल. पण लोकांचा सण समजून घेतल्याशिवाय त्यांचे गटार समजत नाही, ही त्याची दृष्टी त्यातून नेमकी दिसते.

गेडीसनंतर 1924 मध्ये विभागाची सूत्रे मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडे आली. मुंबई हे नागरी केंद्र या विषयावरील त्यांचा निबंध गेडीसला पसंत पडला होता. विभागाचा भर मात्र पुढे जातिव्यवस्था, कुटुंब आणि संस्कृतीकडे वळला. नगराची प्रत्यक्ष मोजणी पुण्यात झाली. धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली गोखले अर्थशास्त्र संस्थेने 1936-37 मध्ये पुण्याची पाहणी केली. तिचा आर्थिक भाग 1945 मध्ये आणि सामाजिक भाग 1952 मध्ये प्रसिद्ध झाला. नी. वि. सोवनी आणि सहकाऱ्यांनी पुढे याच शहराची फेरपाहणी केली. एकच शहर दोनदा मोजले गेल्याने बदल अंदाजाऐवजी आकड्यांत पाहता आला. सोवनी यांचे 1964 चे प्रतिपादनही महत्त्वाचे आहे. उद्योगधंद्यांच्या मानाने आशियातील शहरे ‘अतिनागरीकृत’ झाली आहेत, हे तेव्हाचे लोकप्रिय मत पाश्चात्त्य देशांच्या अनुभवाला मोजपट्टी मानते, असा त्यांचा आक्षेप होता. तो आजही खोडला गेलेला नाही.

नंतरच्या सिद्धांतांत फ्रेंच विचारवंत आंरी लफेव्र याची ‘शहरावरील हक्का’ची कल्पना (1968) आणि भूगोलज्ञ डेव्हिड हार्वे याचे भांडवल व नागरी जमीन यांविषयीचे विवेचन (1973 पासून) प्रमुख आहे. मुंबईत गिरणगावाच्या अभ्यासाने त्यांना मातीचा आधार दिला. 1982 च्या गिरणी संपानंतर गिरण्यांच्या जमिनींचे काय झाले हे केवळ दप्तरांतून कळत नाही. खोलीत पाळीपाळीने झोपणारे गाळेकरी, त्यांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बाया आणि गावाकडे जाणारी मनीऑर्डर यांच्या मौखिक इतिहासातून ते उलगडत गेले.

जनगणनेची व्याख्या हाही अभ्यासाचाच विषय आहे. नगरपालिका, महानगरपालिका, छावणी मंडळ इ. असलेली ठिकाणे कायद्याने नगरे ठरतात. इतरांना तीन अटी लागू होतात : किमान 5,000 लोकसंख्या, दर चौ. किमी. किमान 400 घनता आणि ‘मुख्य काम करणाऱ्या’ (वर्षातून सहा महिने वा अधिक काम करणाऱ्या) पुरुषांपैकी किमान 75 टक्के शेतीबाहेर. तिसऱ्या अटीत बायका नाहीत. विड्या वळणारी, शिवणकाम करणारी किंवा बाजारात मासळी विकणारी स्त्री गावाला शहरपण देत असली तरी या मोजणीत ती धरली जात नाही. हा दोष गंभीर आहे. अटी पुऱ्या करूनही ज्यांना नागरी स्थानिक संस्था नाही अशा ठिकाणांना ‘जनगणना नगरे’ म्हणतात. 2001 मध्ये ती 1,362 होती, 2011 मध्ये 3,894 झाली. त्यांपैकी बहुतेकांचा कारभार ग्रामपंचायतच पाहते : तीन-चार मजली इमारतींना पाणी पुरवते तीच, आणि घरपट्टीची पावती फाडते तीही.