खिचडीची शाळा, कॉन्व्हेंट आणि भुलाबाईची खिरापत

विदर्भातल्या खेड्यात इंग्रजी शाळा म्हटली की ती ‘कॉन्व्हेंट’च, मग दोन खोल्यांची का असेना. साडेतीन वर्षांचं लेकरू टाय लावून ऑटोत कोंबलं जातं, घरी येऊन एबीसीडी गिरवतं आणि मायबाप निश्चिंत होतात. अंगणवाडीचं विचारा, तर उत्तर ठरलेलं: ‘थे तं खिचडीची शाळा हाय.’

गिरवणं म्हणजेच शिकणं, या समजुतीला धक्का देणाऱ्या बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक लग्नानंतर अमरावतीतच राहत होत्या. पुढे गुजरातेत भावनगरला शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांसोबत त्यांनी माँटेसरी पद्धतीवर, म्हणजे मुलांनी साधनं हाताळत शिकण्यावर, काम केलं. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला. पण माँटेसरीची साधनं खेड्याला परवडणारी नव्हती. १९४५ मध्ये ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात बोर्डीला काम मांडलं, तेव्हा शिंपले, बिया, खडे हीच साधनं झाली. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला.

इकडे वर्ध्यात १९३७ च्या परिषदेतून गांधीजींची नई तालीम, म्हणजे हातकामातून शिक्षण, पुढे आली होती. ती सात वर्षांपुढच्या मुलांसाठी. त्याआधीची ‘पूर्व-बुनियादी’ पायरी सेवाग्रामच्या १९४५ च्या परिषदेत जोडली गेली.

मग २ ऑक्टोबर १९७५ ला ३३ प्रकल्पांनी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. नाव अंगणवाडीचंच, पण सहा सेवांत शाळापूर्व शिक्षण ही एक. पोषण आहार, वजनं, लसीकरण आणि रजिस्टरं यांतून सेविकेची मान वर होईना. लोकांना दिसली ती खिचडी. त्यांचं तरी काय चुकलं?

खरं तर हातांनी शिकणं घरात होतंच. भुलाबाई हा इकडच्या मुलींचा गाण्यांचा सण. तिची गाणी संपली की झाकलेला डबा कानाशी हलवून खिरापत ओळखायची. खुळखुळ वाजलं तर फुटाणे, धप्पकन आपटलं तर लाडू. चुकलं की पुन्हा हलवा. माँटेसरीच्या आवाजाच्या लाकडी डब्या हेच करतात, फक्त त्यात खाऊ नसतो. तुरी मोजताना आजीने ‘एक, दोन’ म्हणत भरलेली पायली हाही गणिताचाच तास. पण याला कोणी अभ्यास म्हटलं नाही, म्हणून तो मोजला गेला नाही.

२०२० च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा मानला. २०२२ मध्ये राज्यात ‘पहिले पाऊल’ अभियानातून गावोगाव माता गट झाले: चिंचोके मोजा, भाज्या वेगळ्या करा, गोष्ट सांगा. कल्पना चांगली. अडचण वेळेची आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत आई सकाळी निघते ती दिवेलागणीला परतते, आणि मोबाईल बापाच्या खिशात. दिवसभर लेकरू असतं आजीजवळ. गट मात्र मातांचा.